रसिकाची वार्षिक यादी आणि मूल्यनिर्णय : २०१२ मधील पॉप व इंडी सिंगल्सच्या संदर्भात

प्रस्तावना

वर्ष सरत आले की इंग्रजी भाषक देशांतील संगीतविषयक नियतकालिके, रेडिओ केंद्रे आणि सामान्य रसिक त्या वर्षातील आपल्या आवडत्या गाण्यांच्या क्रमवार याद्या सिद्ध करतात. यादी म्हणजे समीक्षा नव्हे, ती आवडनिवड होय, आणि आवडनिवडीविषयी वाद घालण्यात अर्थ नसतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाचा फेरविचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी २०१२ हे एकच वर्ष निवडले असून त्या वर्षातील पॉप आणि इंडी गाण्यांपैकी प्रस्तुत लेखकाच्या पसंतीच्या सात गाण्यांची यादी चर्चेचा आधार म्हणून घेतली आहे.

२०१२ निवडण्यामागे दोन कारणे आहेत. एक, या वर्षापासून आज दशकाहून अधिक अंतर पडले आहे. वर्षअखेरीच्या उत्साहात केलेल्या निवडीपैकी काय टिकले आणि काय विरले, हे पाहण्यास इतके अंतर पुरेसे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या वर्षी समीक्षकांच्या याद्यांत अग्रस्थानी राहिलेली दोन गाणी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया या एकाच प्रांतात जन्मलेल्या दोन तरुण गायिकांची होती. त्यांपैकी एक पॉप या सदरात मोडणारी, तर दुसरी इंडी म्हणून ओळखली जाणारी. या दोघींना एकाच मोजपट्टीने मोजावे काय, आणि मोजायचे तर ती मोजपट्टी कोणती, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

क्रमवार यादी हा तौलनिक मूल्यनिर्णय असतो. एका गाण्याला दुसऱ्याच्या वर ठेवले की त्या कृतीचे कारण द्यावे लागते आणि ते कारण गाण्यात दाखवता आले पाहिजे. ते गाण्याच्या बाहेर, म्हणजे कंपनीच्या नावात, खपाच्या आकड्यात किंवा श्रोत्यांच्या वयात शोधावे लागले, तर यादी करणारा निवड करीत नसून आपली प्रतिष्ठा सांभाळीत असतो. 'पॉप' आणि 'इंडी' या भेदाने रसिकांना अशी प्रतिष्ठा सांभाळण्याची सोय दीर्घकाळ उपलब्ध करून दिली.

संज्ञाविचार

'सिंगल' म्हणजे संग्रहातून सुटे काढून स्वतंत्रपणे प्रकाशित केलेले एक गाणे. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी बाजारात आणली आणि या प्रकाराला त्याचे रूढ रूप लाभले. परंतु एका गाण्याची तबकडी ही कल्पना त्याहून जुनी असून मराठी श्रोत्याला ती परकी नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-सव्वातीन मिनिटांत संपत असे आणि आपल्या भावगीताची घडण त्याच मर्यादेत झाली. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यसंगीत हे सारे त्या वेळेत बसवण्याचे कसब आपल्या संगीतकारांनी कमावले. अशा गाण्यांना आपण 'सुगम' म्हणतो. सुगम कोणाला, तर ऐकणाऱ्याला, रचणाऱ्याला नव्हे. पण हा भेद विसरला जातो आणि त्या विशेषणात एक न बोललेला मूल्यनिर्णय दडून बसतो. या पार्श्वभूमीवर अशोक दा. रानडे यांनी 'जनसंगीत' ही लोकसंगीत व कलासंगीत यांच्याहून वेगळी कोटी मानली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतंत्र कोटी मान्य केली की तिचे निकषही स्वतंत्रपणे शोधावे लागतात.

अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या 'हॉट १००' या तक्त्याने डिसेंबर १९९८ मध्ये सुटे प्रकाशित न झालेल्या गाण्यांनाही प्रवेश दिला. २००३ साली आयट्यून्सच्या दुकानातून एकेक गाणे विकत मिळू लागले. त्यामुळे २०१२ पर्यंत सिंगल या शब्दामागची वस्तू जवळजवळ नाहीशी झाली होती. उरला होता तो एक दावा : हे गाणे एकट्याने उभे राहू शकते.

'इंडी' या संज्ञेचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. मूळ शब्द 'इंडिपेंडंट'. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून इंडी गाण्यांचा स्वतंत्र तक्ता प्रसिद्ध होऊ लागला. त्यात प्रवेशासाठीचा निकष निव्वळ व्यावहारिक होता : तबकडीचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर झालेले असावे. संगीत कसे आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे १९८६ मध्ये 'एनएमई' या साप्ताहिकाने 'सी८६' नावाची ध्वनिफीत काढली. तिच्यानंतर हा शब्द विशिष्ट प्रकारच्या गिटारप्रधान, काहीशा कच्च्या वाटणाऱ्या संगीतशैलीसाठी वापरला जाऊ लागला. व्यवहाराची संज्ञा शैलीची संज्ञा झाली आणि मग हळूहळू नीतीचीही झाली. याच काळात कायली मिनोग यांची निखळ नृत्यगीते 'पीडब्ल्यूएल' या स्वतंत्र वितरण असलेल्या कंपनीमुळे इंडी तक्त्यात वरच्या स्थानी झळकत होती, ही विसंगती मोठी बोलकी आहे. व्यवहाराच्या व्याख्येनुसार त्या इंडी होत्या. इंडीच्या चाहत्यांना मात्र ते मान्य होणे शक्य नव्हते.

२०१२ मध्येही हाच घोळ कायम होता. टेलर स्विफ्ट यांची 'बिग मशीन' ही कंपनी व्यवहारतः स्वतंत्र होती. वितरण तेवढे युनिव्हर्सलकडे. अडेल यांचे ब्रिटनमधील प्रकाशन ज्या 'एक्सएल' कंपनीकडे होते ती बेगर्स या स्वतंत्र समूहातील, आणि ग्राइम्स यांची '४एडी' हीदेखील त्याच समूहातील. तात्पर्य, इंडी या शब्दावरून गाणे कोणी प्रकाशित केले हे नीटसे कळत नाही आणि ते कसे ऐकू येते हेही कळत नाही. भारतात तर या शब्दाचा विरोधी पक्षच वेगळा आहे. आपल्याकडे इंडी म्हणजे चित्रपटबाह्य. २०१० पासून पुण्यात सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर' महोत्सवात रॉकपासून लोकसंगीताधारित गायनापर्यंत सारे या एका छत्राखाली नांदले, ते याच अर्थाने.

यादीची पूर्वपीठिका

भारतीय श्रोत्याच्या स्मरणातील वार्षिक यादी म्हणजे 'बिनाका गीतमाला'. रेडिओ सिलोनवरून १९५२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अमीन सयानी वर्षअखेरीस हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी सादर करीत. तिचा आधार तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांचा कौल हा होता; सयानींचा आवाज सर्वांना ओळखीचा होता, त्यांची पसंती मात्र यादीत नव्हती. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ वनवरील निवेदक जॉन पील यांनी १९७६ मध्ये 'फेस्टिव्ह फिफ्टी' सुरू केली. तीही श्रोत्यांच्या मतांवर आधारलेली होती. प्रारंभी तिला काळाचे बंधन नव्हते, १९८२ पासून ती त्या त्या वर्षापुरती मर्यादित झाली. पील यांची स्वतःची अभिरुची विलक्षण विस्तृत होती, पण श्रोते वर्षानुवर्षे गोऱ्या तरुणांच्या गिटारवादक बँडनाच मते देत राहिले. १९९१ ची यादी पील यांनी नाराज होऊन त्या वर्षी प्रसारितच केली नाही. १९९३ मध्ये ती त्यांनी आठवड्याला एक गाणे या गतीने ऐकवली. रसिकांची लोकशाही आणि एका रसिकाचा विवेक यांच्यातील हा तंटा यादी या प्रकाराच्या मुळाशी आहे.

तिसरा नमुना समीक्षकांच्या मतदानाचा. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये रॉबर्ट ख्रिस्गाव यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात 'पॅझ अँड जॉप' हे वार्षिक मतदान सुरू झाले. १९७९ पासून त्यात सिंगल्सचा वेगळा विभाग आला. येथे एक तपशील पाहण्यासारखा आहे. अल्बमसाठी समीक्षक १०० गुण आपल्या पसंतीनुसार वाटून देत. सिंगल्सना मात्र गुण नसत, केवळ नावे मोजली जात. जणू अल्बम तोलायचे आणि सिंगल्स नुसती आठवायची! समीक्षेच्या व्यवहारातच एका गाण्याला दिलेले हे दुय्यम स्थान होते.

३१ ऑक्टोबर २००४ रोजी केलेफा सॅने यांचा 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेख या दुय्यमत्वाविरुद्धच्या वादाला कारणीभूत ठरला. रॉक संगीताचे निकष (स्वतः लिहिणे, स्वतः वाजवणे, खरेपणाचा आव) सर्व संगीतावर लादण्याच्या वृत्तीवर त्यांनी टीका केली. त्यानंतरच्या दशकात इंग्रजी समीक्षेचा कल पॉपकडे इतका झुकला की २०१२ च्या 'पॅझ अँड जॉप'मध्ये सिंगल्सच्या यादीत पहिले आले ते 'कॉल मी मेबी'.

वर्ष कोणाचे?

यादी करणाऱ्यापुढील पहिली अडचण कालगणनेची असते. कार्ली रे जेप्सन यांचे 'कॉल मी मेबी' कॅनडात सप्टेंबर २०११ मध्ये प्रकाशित झाले. अमेरिकेत ते जून २०१२ पासून नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. गोटिये यांचे 'समबडी दॅट आय यूज्ड टू नो' हे जुलै २०११ चे. ऑस्ट्रेलियातील 'ट्रिपल जे' या रेडिओच्या श्रोत्यांनी ते २०११ चे सर्वोत्तम गाणे ठरवले, तर 'बिलबोर्ड'च्या वार्षिक तक्त्यात ते २०१२ चे पहिले गाणे ठरले. दोन्ही बरोबर आहेत. गाण्याचे वर्ष प्रकाशनाच्या नोंदीवरून ठरत नाही. ते श्रोत्यांच्या ज्या समूहात फिरते त्यावरून ठरते. म्हणून ही दोन्ही गाणी येथे २०१२ ची मानली आहेत.

सदर यादी पुढीलप्रमाणे. प्रथम ग्राइम्स यांचे 'ऑब्लिव्हियन', त्यानंतर जेप्सन यांचे 'कॉल मी मेबी', तिसरे सोलांज नोल्स यांचे 'लूझिंग यू', चौथे अशर यांचे 'क्लायमॅक्स', पाचवे जय पॉल यांचे 'जस्मिन', सहावे टेलर स्विफ्ट यांचे 'वी आर नेव्हर एव्हर गेटिंग बॅक टुगेदर' आणि सातवे गोटिये यांचे वर उल्लेखिलेले गाणे.

यात 'गंगनम स्टाइल' नाही, याचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कोरियन गायक साय यांच्या या गाण्याची चित्रफीत १५ जुलै २०१२ रोजी यूट्यूबवर आली आणि २१ डिसेंबरला शंभर कोटी वेळा पाहिली गेलेली ती पहिली चित्रफीत ठरली. तरीही 'हॉट १००'मध्ये ते दुसऱ्या स्थानापलीकडे गेले नाही, कारण तेव्हा त्या तक्त्यात यूट्यूबवरील दर्शन मोजले जात नव्हते. ते फेब्रुवारी २०१३ पासून मोजले जाऊ लागले. सांस्कृतिक घटना म्हणून त्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु सोलमधील श्रीमंत वस्तीचा जो उपहास त्यात आहे तो दृश्यात आहे. चित्र झाकून ऐकले असता गाण्यात उरतो तो केवळ ठेका.

दोन गायिका

'कॉल मी मेबी' हे गाणे जेप्सन आणि टॅव्हिश क्रो यांनी प्रथम लोकगीताच्या धाटणीने रचले होते. जॉश रॅमसे यांनी त्याला पॉपचे रूप दिले. एका तरुणीने अनोळखी तरुणाला आपला दूरध्वनी क्रमांक देणे, एवढाच विषय. शीर्षकातच गाण्याचे सारे व्याकरण आहे : क्रियापद आज्ञार्थी, आणि त्याला लगेच जोडलेले 'कदाचित'. धाडस आणि माघार एकाच श्वासात. ध्रुवपदात गायिकेची वाक्ये तुटक आहेत आणि प्रत्येक तुकड्यानंतरच्या रिकाम्या जागेत तंतुवाद्यांचे झटके येतात. समोरच्या तरुणाने जेथे उत्तर द्यावे नेमक्या तेथे वाद्ये उत्तर देतात. तो स्वतः संपूर्ण गाण्यात एक शब्दही बोलत नाही. पुढे एका कडव्यात ती भेटीपूर्वीच्या विरहाविषयी बोलते. तर्काला न पटणारे, पण प्रेमात पडलेल्या कोणालाही पटेल असे हे विधान आहे. चित्रफितीच्या अखेरीस तो तरुण आपला क्रमांक तिच्या वाद्यवृंदातील पुरुषाला देतो, म्हणजे 'कदाचित'चा शेवट नकारात होतो. गाणे मात्र तो नकार ऐकायला थांबत नाही.

या गाण्याची संभावना अनेकांनी 'मुलींचे गाणे' अशी केली. येथे कंपनी, शैली वगैरे भेदांआडचा खरा भेद दिसतो. किशोरवयीन मुलींची पसंती ही पसंतीच नव्हे, ती लाट असते, साथ असते, असे गृहीत धरले जाते. मुलगा दुर्मीळ तबकड्या जमवतो तेव्हा तो रसिक. मुलगी एकच गाणे दिवसभर ऐकते तेव्हा ती वेडी. टेलर स्विफ्ट यांच्या सहाव्या क्रमांकावरील गाण्यात याच वृत्तीला चिमटा आहे. दुरावलेला प्रियकर भांडणानंतर आपल्यापेक्षा वरचढ समजल्या जाणाऱ्या एखाद्या इंडी तबकडीच्या आश्रयाला जातो, असे ती त्यात सुनावते. अभिरुची हे नात्यातील हत्यार कसे होते, हे एका ओळीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल. मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक यांच्यासह रचलेले हे गाणे स्विफ्ट यांचे 'हॉट १००'मधील पहिले अग्रस्थानी गाणे होय. (पुढे २०२० मध्ये 'फोकलोर' या अल्बमसाठी त्यांनी 'द नॅशनल' या इंडी बँडच्या ॲरन डेसनर यांनाच सोबत घेतले, हा भाग वेगळा.) गाणे म्हणून ते सहाव्या स्थानी राहते याचे कारण त्यातील मधले बोलके अंश पहिल्या दोन-तीन वेळाच गंमत देतात, विनोद कळल्यावर चाल उघडी पडते.

ग्राइम्स म्हणजे क्लेअर बुशे. व्हँकुव्हरमध्ये जन्मलेल्या बुशे यांनी माँट्रियलमधील आपल्या राहत्या जागेत, संगणकावरील 'गॅरेजबँड' या साध्या प्रणालीवर 'व्हिजन्स' हा अल्बम एकटीने ध्वनिमुद्रित केला. तो जानेवारी २०१२ मध्ये प्रकाशित झाला. 'पिचफोर्क' या संगीतविषयक प्रकाशनाने त्यातील 'ऑब्लिव्हियन' हे त्या वर्षातील सर्वोत्तम गाणे ठरवले. गाणे प्रथम ऐकताना ते हलकेफुलके नृत्यगीत वाटते. सिंथेसायझरवरील खर्जाची एक उड्या मारणारी आकृती अखंड फिरत राहते. तिच्यावर बालिश वाटावा इतका उंच, थरांवर थर दिलेला आवाज. शब्द सहज कानी पडत नाहीत. ते लक्ष देऊन ऐकले की कळते, गाणे रात्री एकटे चालण्याच्या भीतीविषयी आहे. या गाण्यामागे आपल्यावर झालेला हल्ला असल्याचे बुशे यांनी स्वतः सांगितले आहे. ध्रुवपदात अंधाऱ्या रात्री भेटण्याचे जे आश्वासन पुन्हा पुन्हा येते, ते हल्लेखोराचे आहे की जिच्यावर हल्ला झाला तिचे, हे मुद्दाम अनिश्चित ठेवले आहे. चित्रफितीत त्या फुटबॉलच्या मैदानात, मोटारसायकलींच्या शर्यतीत, उघड्या अंगाने ओरडणाऱ्या पुरुष प्रेक्षकांच्या गर्दीत कानाला हेडफोन लावून शांतपणे गात उभ्या दिसतात.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाच्या घटनेचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मांडली. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताविषयी मराठीत बरीच उलटसुलट चर्चा झाली आहे आणि तीत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु या दोन गाण्यांतील भेद सांगण्यास ही परिभाषा उपयुक्त ठरते. दोन्ही गाणी विरोधावर उभी आहेत. 'कॉल मी मेबी'त शब्दांतील संकोच आणि वाद्यांतील आत्मविश्वास यांचा विरोध आहे, आणि ध्रुवपदाच्या प्रत्येक आवर्तनात संगीत त्या विरोधाचे समतोलात रूपांतर करते. संकोच हरतो, आनंद जिंकतो. 'ऑब्लिव्हियन'मधील गोडवा आणि दहशत यांचा विरोध मात्र अखेरपर्यंत मिटत नाही. खर्जाची ती आकृती कोठेही पोहोचत नाही, ती फक्त परत येते. भीतीची आठवण अशीच परत येत असते. घडणीच्या सफाईचा विचार केला तर 'कॉल मी मेबी' अधिक निर्दोष आहे, यात शंका नाही. 'ऑब्लिव्हियन'च्या मध्यावर क्षणभर रेंगाळल्यासारखे होते. असे असूनही त्याला वरचे स्थान द्यावेसे वाटते, कारण त्यात आकृतिबंधच आशय वाहून नेतो. विषय गंभीर आहे म्हणून हे स्थान दिलेले नाही. याच विषयावर गंभीर चेहऱ्याने केलेले गाणे इतके अस्वस्थ करू शकले नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. एकीकडे एका स्त्रीने घरी बसून एकटीने केलेले काम आणि दुसरीकडे अनेकांच्या हातांतून गेलेले, व्यवस्थापकांनी जगभर पोहोचवलेले उत्पादन यांची तुलना न्याय्य आहे काय? यादी या प्रश्नाकडे दुर्लक्ष करते. क्रमांकाच्या बाजूला श्रमाचा हिशेब लिहिण्याची सोय तीत नाही. तो हिशेब समीक्षकाने मांडायचा असतो. 'गॅरेजबँड'सारख्या प्रणालीत एक तुकडा घेऊन तो फिरवत ठेवणे सर्वांत सोपे असते, आणि 'ऑब्लिव्हियन'चा फिरता आकृतिबंध त्या सोयीतूनच निघालेला आहे. म्हणजे निर्मितीची परिस्थिती जाणून घ्यावी ती गाणे समजण्यासाठी. एकटीने केले म्हणून ते श्रेष्ठ, असे म्हटले की आपण पुन्हा १९८६ मध्ये जाऊन पोहोचतो.

उरलेली नावे

सोलांज नोल्स यांचे 'लूझिंग यू' ऑक्टोबर २०१२ मध्ये 'टेरिबल रेकॉर्ड्स' या लहान इंडी कंपनीने प्रकाशित केले. सोलांज या बियॉन्से यांच्या भगिनी. तेव्हा मोठ्या कंपनीचे दार त्यांना अपरिचित नव्हते. डेव्ह हाइन्स यांच्यासह घडवलेल्या या गाण्यात टाळ्यांचा मोकळा, उत्सवी ठेका आहे आणि गायन मात्र संपत आलेल्या नात्याविषयीचे, आवाज न चढवता केलेले. त्याची चित्रफीत दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे चित्रित झाली आहे. याच हाइन्स यांनी तीन वर्षांनी जेप्सन यांच्या 'इमोशन' (२०१५) या अल्बमसाठी काम केले. तो अल्बम व्यावसायिकदृष्ट्या 'कॉल मी मेबी'च्या जवळपासही गेला नाही, पण समीक्षकांचा आणि एका निष्ठावंत श्रोतृवर्गाचा लाडका ठरला. एकाच संगीतकाराचा हात दोन्ही बाजूंना दिसतो तेव्हा बाजू या शब्दाचाच अर्थ तपासावा लागतो.

अशर यांच्या 'क्लायमॅक्स'मध्ये नृत्यसंगीताचे प्रोड्यूसर डिप्लो आणि अभिजात परंपरेतील संगीतकार निको म्यूली एकत्र आले. तंतुवाद्यांची रचना म्यूली यांची. शीर्षक परमोत्कर्षाचे वचन देते आणि गाणे तो उत्कर्ष सतत टाळते. ठेका फुटून बाहेर येईल असे वाटते तेथे तो विरतो. अशर नैसर्गिक पट्टीच्या वरच्या त्या पातळ आवाजातून खाली उतरतच नाहीत. ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्याला समेवर येणे लांबवण्यातील सुख ठाऊक असते. येथे तर सम दाखवलीच जात नाही, कारण विषय नाते जेथे पुढे जाऊ शकत नाही त्या बिंदूचा आहे.

गोटिये यांचे गाणे सातवे का, हे सांगणे अवघड नाही. लुईस बोन्फा या ब्राझिलियन वादकाच्या १९६७ मधील ध्वनिमुद्रणातून घेतलेला गिटारचा तुकडा, त्यावर पुरुषाची तक्रार, आणि मग अचानक किम्ब्रा यांच्या आवाजात स्त्रीची बाजू. ते एक कडवे असामान्य आहे; आतापर्यंत ऐकलेले सारे ते उलटवून टाकते. पण त्यानंतर पुरुषाचे ध्रुवपद अधिक मोठ्या आवाजात परत येते, जणू मध्ये कोणी काही बोललेच नाही, आणि किम्ब्रा यांचा आवाज त्याच्या मागे साथीला उरतो. ही रचनेतील बुद्धिपुरस्सर क्रूरता आहे असे मानता येईल. प्रस्तुत लेखकाला ती रचनेची सवय वाटते.

राहिले 'जस्मिन'. जय पॉल हे लंडनच्या उपनगरात वाढलेले भारतीय वंशाचे गायक. 'एक्सएल'ने २०१२ मध्ये प्रकाशित केलेल्या या गाण्याच्या नावातच 'डेमो' हा शब्द जोडलेला होता, म्हणजे कच्चा खर्डा. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, ठेका मध्येच श्वास रोखल्यासारखा थांबणारा. गाणे पूर्ण नाही असे सांगून ते श्रोत्याला दिले गेले आणि श्रोत्याने ते पूर्ण म्हणून स्वीकारले. एप्रिल २०१३ मध्ये पॉल यांची इतर अप्रकाशित गाणी त्यांच्या संमतीविना बाहेर फुटली. त्यांतील एकात, 'स्ट्रेट आउटा मुंबई' या नावाच्या गाण्यात, गुलजार यांच्या 'मीरा' (१९७९) या चित्रपटातील वाणी जयराम यांचे गायन आहे, संगीत पं. रविशंकर यांचे. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी वसंत देसाई यांच्या संगीतात कुमार गंधर्वांसह युगुलगीत गाणाऱ्या याच वाणी जयराम. आपल्या कानांना चार दशकांपासून ओळखीचा असलेला हा आवाज लंडनच्या इंडी संगीतात अनाहूतपणे आला आणि २०१३ च्या कोणत्याही अधिकृत प्रकाशनात नव्हता. ती गाणी पॉल यांनी रीतसर प्रकाशित केली ती २०१९ मध्ये, बव्हंशी जशी फुटली होती तशीच. 'जस्मिन'च्या नावापुढचा 'डेमो' हा शब्दही त्यांनी काढलेला नाही.